सातावर चालणारा पंखा

शोभाताई खरात बसलेल्या मला आठवत नाहीत. खुर्ची होती, खुर्चीवर त्यांनी स्वतः शिवलेली उशीही होती, आणि टेंभुर्णीच्या बाजारगल्लीतल्या त्या लहानशा दुकानात त्या दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायच्या. पण डोळ्यांपुढं येतात त्या अर्ध्या उठलेल्या. एक हात कीबोर्डवर, दुसरा टेबलाच्या कडेवर, मान आतल्या खोलीच्या पडद्याकडं. "जरा थांबा," असं समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणून त्या जायच्या, पडदा बाजूला करून आत बघायच्या आणि परत यायच्या. लग्नपत्रिकेतल्या नवरीचं नाव निम्मं टाइप होऊन मॉनिटरवर तसंच उभं असायचं. आल्यावर त्या उरलेली अक्षरं न चुकता पुढं जोडायच्या.

आता मी ज्या कॉलेजात काम करतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत सकाळी सगळी मशीनं एकदम चालू झाली की पंख्यांची घरघर उठते. मुलांच्या ती ध्यानातही येत नाही. मला मात्र दर वेळी ताई आठवतात, कारण त्या आवाजाशी इतकं भांडलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

शतक बदलायच्या आसपासची ही वर्षं. मी पिंपळगाव रेणुकाईचा, घरातला पहिला पदवीधर. आमच्या जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीत एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि खरातांच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. रस्त्याच्या बाजूला ताईंचं दुकान, मध्ये त्यांची राहायची खोली आणि मागं मी. ताईंचे यजमान एस.टी.त कंडक्टर होते, लांबच्या डेपोला असायचे आणि सुट्टीपुरते घरी यायचे. घरात ताई आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. ती तेव्हा आठवीत होती.

मी राहायला गेलो त्याच आठवड्यात ताई माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावर उभ्या राहून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत बोलल्या.

"सर, रेडिओ जरा लहान ठेवत जा."

मला राग आला. भाडं आगाऊ दिलं होतं, रेडिओही काही मोठा नव्हता. मी म्हणालो, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरचा आवाज माझ्या रेडिओपेक्षा मोठा आहे."

वाटलं, भांडतील. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"तेच तर सांगून राह्यले," त्या म्हणाल्या. "त्याचंच कमी करायचं पाहून राह्यले. तवर तुमचा तरी नको."

मग त्यांनी सांगितलं. सुजाताला फिट यायची. लहानपणापासून नाही, सहावीत असताना सुरू झाली. जालन्याच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, फिटा कमी झाल्या होत्या, पण बंद झाल्या नव्हत्या. फिट येण्याआधी तिच्या घशातून घोट गिळल्यासारखा लहान आवाज यायचा, आणि मग टाच पलंगाच्या लाकडावर आपटायला लागायची. तेवढा आवाज ऐकला की ताई धावत जायच्या, तिला कुशीवर वळवायच्या, उशी सरकवायच्या आणि शांत होईपर्यंत धरून बसायच्या. दुकानात कॉम्प्युटर आला त्या पहिल्याच महिन्यात सुजाताला दुपारी फिट आली. मशीनच्या घरघरीत ताईंना काहीच ऐकू आलं नाही. पोर पलंगावरून खाली आली आणि ट्रंकेच्या कोपऱ्यावर हनुवटी फुटली.

"मी इथं कोणाच्या तरी पत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' लिहून राह्यल्ते," ताई म्हणाल्या, "अन् माझी पोरगी आत रगतात पडल्ती."

त्या दिवसापासून मी रेडिओ कानाला लावून ऐकायला लागलो. फिटेची गोष्ट गल्लीत कोणाला ठाऊक नव्हती. पोरीच्या जातीला असलं काही चिकटलं की निघत नाही, असं ताईंना वाटायचं. मला सांगितली ती विश्वासानं नाही, गरजेनं. त्यांना भिंतीपलीकडं आणखी दोन कान हवे होते.

ताईंचं माहेर जालन्याचं. भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नाआधी ताई तिथं सोल्डरिंग करायच्या. भाऊ म्हणायचा की हिचा डाख भाकरीवरच्या तुपासारखा पसरतो. हे त्या स्वतःच सांगायच्या, लाजत बिजत नव्हत्या. आपल्याला काय येतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि जे येत नाही तेही येतंच असं धरून चालायची त्यांना खोड होती. त्यातून नुकसान व्हायचं.

पहिला उपाय त्यांनी केला तो गोधडीचा. मशीनच्या कॅबिनेटवर घडी घातलेली गोधडी पांघरली. आवाज खरंच बसला. पण तासाभरात गरम प्लास्टिकचा वास सुटला आणि मशीन आपोआप बंद पडलं. दुसरा उपाय मोठा होता. त्यांनी दुकानाच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडलं, कॅबिनेट मोरीजवळच्या पत्र्याखाली उचलून नेलं आणि तारा लांबवून भोकातून दुकानात घेतल्या. मॉनिटर, कीबोर्ड आत आणि मशीन बाहेर. आठ-पंधरा दिवस दुकान देवळासारखं शांत होतं. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, "ऐका. काही ऐकू येतं का? न्हाई ना?" गिऱ्हाइकाला काय ऐकायचं तेच कळायचं नाही.

मग एके सकाळी फाट्कन आवाज झाला आणि सगळं अंधारलं. जालन्याहून मशीन विकणाऱ्याचा मेकॅनिक आला. त्यानं कॅबिनेट उघडलं तर आत उंदरीण. मशीनच्या उबेला तिनं घर केलं होतं, तेही ताईंच्याच रद्दी पत्रिकांचे तुकडे कुरतडून. पॉवर सप्लायच्या जाळीतून शेपूट आत गेलेली, तिथंच खेळ संपलेला.

मेकॅनिक हसून लोळायचा राहिला. "ताई, कॉम्प्युटर हाय हा. कोंबड्याचं खुराडं न्हाई."

"हसू नको. नवा डबा बसव."

"सील कोणी तोडलंय याचं?"

"मी."

"मंग वॉरंटी गेली."

"जाऊ दे. कोणाला लागते तुझी वॉरंटी? ती काय रातचं जागती राहणार हाय का माझ्या घरात?"

त्या बिचाऱ्याला शेवटचं वाक्य समजलं नाही. त्यानं नवा पॉवर सप्लाय बसवला. तो चौकोनी पत्र्याचा डबा, घरातली वीज घेऊन मशीनला सोसेल इतकी बारीक करून देणारा. सगळी घरघर याच डब्यातल्या पंख्याची. जळका डबा मेकॅनिक घेऊन निघाला तेव्हा ताईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हा राहू दे. याच्यावर हात बसवते."

तो पावसाळाभर त्यांनी त्या मेलेल्या डब्यावर हात बसवला. लग्नसराई नव्हती, दुकानात काम थोडं. उघडायचा, बघायचा, बंद करायचा. डब्यात दोन मोठे कपॅसिटर असतात, बॅटरीच्या सेलसारखे दिसणारे. वीज काढली तरी ती त्यांच्यात साठून राहते आणि चुकून बोट लागलं तर माणसाला फेकून देते. त्यासाठी ताईंनी होल्डरला दोन तारा जोडून एक साधा बल्ब खिळ्याला टांगून ठेवला होता. वापरातल्या मशीनचा डबा खोलायची वेळ आली की आधी त्या तारा कपॅसिटरला टेकवायच्या. बल्ब क्षणभर पेटायचा आणि विझायचा. "गेली," असं ताई म्हणायच्या, आणि मगच आत बोट घालायच्या. सुजाता शेजारी उभी राहून बघायची. बल्ब पेटण्याचा तो क्षण तिला फार आवडायचा.

एक दिवस मी शाळेतून आलो तर ताई अंगणातच वाट पाहत होत्या.

"सर, एक हिशेब सांगा. पंखा बाराचा हाय. त्याला सातच दिले तर चालंल का?"

मी म्हणालो, चालेल, हळू चालेल. पण सात व्होल्ट आणणार कुठून? डब्यातून बारा निघतात आणि पाच निघतात. सात निघत नाहीत.

"निघतात," त्या म्हणाल्या. "पिवळ्या तारंत बारा. लाल तारंत पाच. काळी म्हंजे शून्य. पंख्याची एक तार पिवळीला हाय, दुसरी काळीला हाय, म्हणून तो बारावर पळतो. दुसरी तार काळीवरून काढली अन् लालला लावली तर? बारातून पाच गेले."

मी थोडा विचार केला. हिशेब बरोबर होता. फक्त एक भीती होती: पंखा हळू झाला की डबा तापणार, आणि आमच्याकडचा उन्हाळा काही सात व्होल्टनं ऐकणारा नव्हता. तसं मी म्हटलं. ताई येरझारा घालत होत्या, त्या थांबल्या. "मंग वारा अडतो कुठं ते पाहू," म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीला त्यांनी ते काम केलं, आणि मी ते पूर्ण पाहिलं. पंख्यासमोरच्या पत्र्याला कारखान्यानं पट्ट्यापट्ट्यांची जाळी कापलेली असते. वारा त्या पट्ट्यांवर आपटतो आणि शीळ घालतो. ताईंनी पत्रा कापायच्या कात्रीनं ती जाळीच काढून टाकली, कडा कानशीनं घासल्या आणि वर पिठाच्या जुन्या चाळणीची तार बसवली. पंख्याच्या चारही स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या दिल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरणार नाही. मग तारा. डब्यातून निघणाऱ्या तारांचा जुडगा कॅबिनेटमध्ये गवताच्या पेंढीसारखा पडलेला असतो आणि वाऱ्याची वाट अडवतो. ज्या तारा कशालाच लागत नव्हत्या त्या त्यांनी मुळापासून काढल्या, टोकं प्लास्टिकच्या बारीक नळीत बंद केली. ज्या तोकड्या होत्या त्यांना जोड देऊन लांब केल्या. उरलेल्यांची वेणी घातली. खरोखरची वेणी, पोरींच्या केसांची घालतात तशी, तीन पेडी आणि घट्ट. वेणीचं टोक मेणबत्तीवर घासलेल्या दोऱ्यानं बांधलं, म्हणजे गाठ सरकत नाही. ती वेणी कॅबिनेटच्या कडेनं वळवली आणि मधला सगळा भाग मोकळा केला. शेवटी पंख्याची काळी तार लालला जोडली, डाख दिला, नळी चढवली.

मशीन चालू केलं. आम्ही तिघांनी कान दिले. आवाज नव्हता असं नाही. पण तो आता शेजारच्या घरात कोणी झोपलेलं असावं तसा होता.

मग चाचणी सुरू झाली. ताईंनी सुजाताला आतल्या खोलीत पाठवलं आणि स्वतः खुर्चीशी डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"चमचा टाक."

चमचा पडला. "ऐकू आला. आता पुस्तकाचं पान."

पान उलटलं. "आलं. आता घोट गिळ."

थोडा वेळ गेला. "आला," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आतून सुजाताचा आवाज आला. "आई, आता मी पापण्या मिटून राह्यले. ऐक."

"चल, पाणचट."

तेव्हापासून 'सातात भागतं' हे ताईंचं पालुपद झालं. भाजीवाला जास्त तोलायला लागला की "राहू दे, सातात भागतं." पत्रिकेत पुतण्या-भाच्यांची नावं लांबत चालली की "पाव्हणं, एवढे लोक मांडवात तरी बसतील का? सातात भागवा." उन्हाळ्यात कॅबिनेट दोन विटांवर चढायचं आणि ताई दर थोड्या वेळानं त्याच्या पाठीला तळहात लावून बघायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मला त्यांनी त्याच मशीनवर टायपिंग शिकवलं, पत्रिका जुळवायला शिकवलं, खोलायला-जोडायला शिकवलं. मी आज पोटापाण्याचं जे करतो त्याची सुरुवात त्या दुकानात आहे. एकदाही त्यांनी ते उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही. शिकवतानाही निम्मं लक्ष पडद्याकडं असायचं.

एक गोष्ट मात्र आम्हा मोठ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. दुकान शांत झालं आणि सुजाताच्या खोलीतला प्रत्येक आवाज बाहेर यायला लागला. ती खोकली की ताई पडद्यात. तिच्या हातून पेन पडलं की ताई पडद्यात. एकदा ती काहीतरी गुणगुणत होती, मध्येच थांबली. थांबली म्हणूनही ताई पडद्यात.

"काय झालं?"

"काही न्हाई, आई."

"मंग थांबली काहून?"

"पुढचं येत न्हाई मला म्हणून थांबले."

मैत्रिणी घरी यायच्या त्या कुजबुजत बोलायच्या, तर ताई जास्तच कान द्यायच्या, कारण कुजबुज आणि घोट यांत त्यांना फरक करावा लागायचा. हळूहळू मैत्रिणी यायच्या कमी झाल्या. पोरगी हुशार होती. दहावीत गेली तेव्हा आमच्या शाळेत सगळे म्हणायचे की हिला जालन्याला पॉलिटेक्निकला घाला, इलेक्ट्रॉनिक्सला. ताईंपुढं विषय काढला की त्या उठून मशीनच्या पाठीला हात लावायला जायच्या.

"तिथं होस्टेलात कोण ऐकंल तिचं?" एवढंच म्हणायच्या. "इथं अकरावी हाय ना. इथंच शिकंल."

फिट बरेच दिवस आली नव्हती. डॉक्टर म्हणत होते, जाऊ द्या. ताई म्हणत होत्या, डॉक्टरला काय, त्याच्या घरात ट्रंक न्हाई.

दहावीचं वर्ष संपत आलेलं. लग्नसराईचं काम जोरात. ताई पत्रिकांचे ट्रेसिंग पेपरवरचे प्रिंट घेऊन जालन्याच्या प्रेसला गेल्या, संध्याकाळी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, तर जुनी घरघर. तशीच, पहिल्या दिवसासारखी.

ताईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आधी म्हणाल्या, व्होल्टेज वाढलं असंल. मीटर लावून पाहिलं, वाढलं नव्हतं, उलट कमीच होतं. मग म्हणाल्या, पंख्यात धूळ बसली. बाहेरून फुंकून पाहिलं, शिवणयंत्राचं तेल सोडून पाहिलं. घरघर तशीच. कामाची घाई म्हणून मशीन बंद करता येईना, आणि चालू ठेवलं की ताईंना आतलं काही ऐकू येईना. त्या दोन ओळी टाइप करायच्या आणि आत जायच्या, दोन ओळी आणि आत. एका नवऱ्या मुलाच्या वडलांचं नाव त्यांनी दोनदा छापलं. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

रविवारी त्यांनी मला हाक मारली. "सर, या. खोलूनच पाहू."

कॅबिनेट उघडलं. डबा बाहेर घ्यायला त्यांनी वेणी हातात धरली आणि त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या ती वेणी बोटांत फिरवत राहिल्या. मला त्यात काही वेगळं दिसेना. वेणी तशीच होती, घट्ट, टोकाला मेणाचा दोरा.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझी उजवीकडून पडती. ही डावीकडून पडल्ये."

सुजाता डावखुरी होती.

ताईंनी डबा खोलला. पंख्याची तार लालवरून काढून परत काळीवर जोडलेली होती. डाख स्वच्छ, भाकरीवरच्या तुपासारखा. नळी बरोबर चढवलेली. सुजाता आतल्या दारात येऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. पडदा तिनं मुठीत धरला होता. मला वाटलं, आता ताई ओरडतील. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मी दार आणि टेबल यांच्या मध्ये अडकलो होतो.

ताईंनी वर न बघता विचारलं, "बल्ब लावल्ता का आधी?"

"लावल्ता."

"पेटला?"

"पेटला. मंग विझला. मंगच हात घातला."

ताईंनी मान हलवली. मग डबा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "काहून केलं?"

सुजातानं पडदा मुठीतून सोडला नाही. ती शांतपणे बोलली. "मला मोठ्यानं वाचायचं असतं. मी वाचायला लागले की तू येती. मी उसासा टाकला तरी येती. मला एक दिवस रडायचं होतं, आई, तर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले."

"काय झाल्तं तवा?"

"बघ. हेच."

"मंग येत जाऊ नको का मी?"

"ये ना. बोलावलं की ये."

"फिट काय बोलावून येती का?" ताईंचा आवाज फाटला. "ती यायच्या आधी सांगती का, की आईला आवाज दे?"

सुजातानं मुठीतला पडदा सोडला. ती आत गेली. ताई डब्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या तार लालवर घेतील, कारण सोल्डरिंगचं आयर्न तापलेलं होतं आणि त्यांना ते काम डोळे मिटून करता आलं असतं. त्यांनी डबा तसाच बंद केला. चारही स्क्रू लावले. मशीन चालू केलं आणि घरघर सुरू झाली.

"परीक्षा होईस्तोवर राहू दे," त्या मला म्हणाल्या, जणू मीच तसं काही मागितलं होतं.

ते दिवस ताईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. त्या पूर्वीसारख्याच उठायच्या. पडद्यापर्यंत जायच्या. हात वर जायचा आणि कापडाला न लागता खाली यायचा. परत यायच्या, एक ओळ टाइप करायच्या, पुन्हा उठायच्या. चहा गार व्हायचा. आतून सुजाताचा आवाज मशीनच्या वर चढून यायचा. ती धडे मोठ्यानं वाचायची, आणि तो आवाज थांबला की ताई जागच्या जागी उभ्या, पुन्हा सुरू होईपर्यंत.

अशाच एका दुपारी मी शाळेची प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला बसलो होतो. आतला आवाज थांबला होता. ताई पडद्यापर्यंत दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा पडदा उचलला नाही. मी म्हणालो, झोपली असेल. त्या खुर्चीशी उभ्याच राहिल्या.

बऱ्याच वेळानं पडदा हलला आणि सुजाता चौकट धरून उभी राहिली. केस चेहऱ्यावर, गालावर गोधडीच्या टाक्यांची नक्षी उमटलेली, डोळे कुठून तरी लांबून आल्यासारखे. ओढणीनं तोंड पुसत ती जड जिभेनं म्हणाली, "आई. आल्ती. गेली."

ताई उडी मारल्यासारख्या तिच्याकडं गेल्या. आधी हनुवटी धरून बघितली, मग डोकं, मग कोपरं. कुठंच काही नव्हतं. त्यांच्या मागून मी आत डोकावलो. पलंग रिकामा होता. सुजातानं अभ्यासाची बैठक पलंगावरून केव्हाच हलवली होती. जमिनीवर गाद्या आणि गोधड्या अंथरलेल्या, ट्रंक ओढून पार पलीकडच्या भिंतीला नेलेली, तिच्या कोपऱ्याला फडकं बांधलेलं. पेनही टोपण लावून लांब ठेवलेलं. घरघर ठेवायची ठरली त्या दिवसापासून ती रोज ही खोली अशी तयार करत होती. पडद्याशी थबकणाऱ्या ताईंनी ती दिवसा नीट पाहिलीच नव्हती, आणि निजायच्या वेळेला पोरगी सगळं जागच्या जागी लावून टाकत असे.

ताई त्या गाद्यांकडं बघत राहिल्या. मग तिला निजवलं, कुशीवर वळवलं आणि डोक्याशी बसल्या. बाहेर मशीन चालूच होतं. माझी प्रश्नपत्रिका तिसऱ्या प्रश्नावर अडली होती. मी मशीन बंद केलं आणि दार ओढून घेतलं.

पॉलिटेक्निकचा फॉर्म ताईंनी स्वतः आणला. होस्टेलवर सोडायला गेल्या तेव्हा सुजाताच्या खोलीतल्या मुलींना त्यांनी समोर बसवून सांगितलं: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही. गल्लीत इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी परक्या मुलींना तासाभरात सांगून टाकली. परत आल्या तेव्हा घसा बसला होता.

दुसऱ्या वर्षी सुजाताला अभ्यासाला कॉम्प्युटर हवा होता. ताईंनी जुन्या भागांतून तो जुळवला, आणि त्यासाठी तोच उंदरिणीनं मारलेला डबा नवे भाग घालून जिवंत केला. जाळी कापली, ट्यूबच्या चकत्या दिल्या, वेणी घातली. फक्त पंख्याच्या तारेला या वेळी डाख दिला नाही. तिथं एक लहानसा जोड ठेवला, बोटानं निघणारा, आणि तो डब्याच्या बाहेर काढून ठेवला. लालला लावला की सात, काळीला लावला की बारा. मला त्याच सुमारास जालन्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती, सामानाबरोबर जीपमधून ते मशीन मीच नेलं. निघताना मी विचारलं, "आत्ता कशावर लावलाय?"

"कशावरच न्हाई. मोकळा ठेवलाय," ताई म्हणाल्या. "चालू करायच्या आधी तिला लावायला सांगा. कुठं लावायचा ते तिचं ती बघंल."

त्यानंतर ताईंकडं जाणं कमी झालं. शेवटचा गेलो तो माझ्या लग्नाच्या वेळी. पत्रिका जालन्यात कुठंही झाली असती, पण ती ताईंच्याच हातची हवी होती. सुजाता तेव्हा पुण्यात नोकरीला लागली होती. दर रविवारी फोन करायची, आणि फिट आली असेल तर तेही सांगायची, पाऊस पडला म्हणून सांगावं तसं. ताई वाळल्या होत्या, चष्मा आला होता. मशीन नवं होतं, आणि इतकं शांत की चालू आहे का ते दिव्याकडं बघून कळत होतं.

"सातावर?" मी विचारलं.

"मंग? बाराची काय गरज हाय?"

आई-वडलांची नावं झाली. गाव झालं. ताई माझं नाव टाइप करत होत्या. पहिली तीन अक्षरं उमटली आणि त्यांचा एक हात टेबलाच्या कडेवर गेला. "जरा थांबा," म्हणाल्या आणि उठल्या.  त्या पडद्यापर्यंत गेल्या, पडदा बाजूला केला आणि आत बघितलं. आत गुंडाळून ठेवलेल्या गाद्या होत्या, फडकं बांधलेली ट्रंक होती, आणि दुपारचं ऊन होतं. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या, त्यासाठीच उठल्या असाव्यात तशा, आणि परत येऊन माझ्या नावाची राहिलेली अक्षरं लिहिली.